काउंटरएवढा ओटा

घर झालं तेव्हा आम्ही नवरा-बायको दोघंही दमलेलो होतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर नव्या घराच्या हौसेबद्दल लिहायला बसलं की हात आपोआप गोड लिहायला लागतो. माझ्या कारकुनीतल्या बदल्यांपायी आमचा संसार सातारा, कराड, पुन्हा सातारा आणि मग सांगली असा भाड्याच्या खोल्यांतून फिरला. मुलीचं लग्न त्यातल्याच एका खोलीतून झालं. मुलगा शिकायला पुण्याला गेला. मुलं अशी निघून गेल्यावर मग सांगलीत विश्रामबागेच्या मागच्या अंगाला, जिथे तेव्हा ज्वारीच्या रानांचे नुकते प्लॉट पडत होते, तिथे आमचं तीन खोल्यांचं घर उभं राहिलं.

"मग हे बांधलं कुणासाठी?" असं बायको कधीकधी विचारायची.

"आईसाठी," मी म्हणायचो.

ते खोटं नव्हतं. वडील गेल्यावर आई गावाकडे, सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी, धाकट्या भावाच्या बायकोमुलांबरोबर राहायची. भाऊ फौजेत. त्याला एकदाचं फॅमिली क्वार्टर मिळालं आणि तो बायकोमुलांना घेऊन गेला. ऊस वाट्यानं दिलेला होता. घरात आई एकटी उरली. त्या वर्षी ती न्हाणीत पाय घसरून पडली आणि शेजारीण विरजण मागायला येईपर्यंत तशीच ओल्यात पडून राहिली. हाड मोडलं नाही, पण डावा गुडघा कायमचा दुखरा झाला. मला हे कळायला आठवडा गेला. त्या आठवड्यात मी नव्या घराच्या खिडक्यांना कोणता रंग द्यायचा याचा विचार करत होतो. पांढरा लवकर मळतो, तपकिरी अंधार करतो, असा.

तिला पुन्हा एकटं राहू द्यायचं नाही, एवढं मी तेव्हा ठरवलं. आणायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "यीन की. पर जत्रंपतूर. जत्रंला मला हितं देवाम्होरं आलंच पायजे. तवर बगते. करमलं तर मागारी यीन तुज्याकडं, न्हाई तर न्हाई."

म्हणजे दिवाळी झाल्यापासून चैत्रातल्या जत्रेपर्यंतची मुदत होती. तेवढ्यात तिचं मन आमच्या घरी लागायला हवं होतं. मी ते काम अंगावर घेतलं, आणि जसं मला जमतं तसं केलं. म्हणजे घर सजवायला घेतलं.

पण त्याआधी ओट्याचं सांगायला हवं.

स्वयंपाकघराचा गिलावा चालू असताना गवंड्यानं विचारलं होतं, "सायेब, वटा किती उच्ची घ्याचा?" तेव्हा नव्या घरांत उभ्या ओट्याचं खूळ निघालं होतं. कॉलनीत जो घर बांधी तो ओटा बांधी. पण आमच्या घरात उभं राहून स्वयंपाक कुणी केलाच नव्हता. माझी आई चुलीपुढे बसायची, बायकोची आईही चुलीपुढेच बसायची, आणि बायको आजवर जमिनीवर स्टोव्ह ठेवून त्याच्यापुढे बसत आली होती. मी तिला विचारलं, किती उंच घ्यायचा. ती म्हणाली, "मला काय माहीत? लोक किती घेतात?"

लोक किती घेतात हे मलाही माहीत नव्हतं. उभ्यानं काम करायची मला माहीत असलेली एकच जागा होती, आमच्या कचेरीतला काउंटर. त्याच्यामागे मी कितीतरी वर्षं उभा राहिलो होतो. मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो, कोपर टेकवायला बरं पडेल तिथे हात ठेवला, आणि गवंड्यानं पेन्सिलीनं रेघ मारली. त्या रेघेवर ओटा झाला. वर काळा कडप्पा बसला. इतका गुळगुळीत, की त्यात खिडकीचे गज दिसायचे.

माझी बायको ठेंगणी आहे. कडप्पा तिच्या छातीला लागला. पहिल्या दिवशी तिनं पाट ओढून घेतला आणि त्यावर उभी राहिली. मग त्या पाटावर दुसरा पाट ठेवला. पोळी कशीबशी लाटता यायची, पण भाकरी थापायला वरून अंग टाकावं लागतं, ते पाटावर तोल सांभाळत होईना. भाकऱ्या जाड व्हायला लागल्या, कडेला फुटायला लागल्या. संध्याकाळी ती पोटऱ्या चेपत बसायची. मी म्हणायचो, सवय होईल. शेजारच्या बाया ओटा बघायला यायच्या आणि म्हणायच्या, "उभ्यानं स्वयंपाक म्हणजे सुख आहे हो." तीही म्हणायची, "हो ना."

आई आली ती दिवाळीनंतरच्या थंडीच्या दिवसांत. घर फिरून बघितलं. पुढच्या खोलीत बायकोनं जुन्या साड्यांचे पडदे शिवून लावले होते, फळ्यांना वर्तमानपत्राच्या कातरलेल्या झालरी होत्या, दारावर अर्धवट झालेलं मण्यांचं तोरण होतं. आईनं सगळ्याला मान डोलावली. स्वयंपाकघरात आली आणि ओट्यापुढे थांबली. कडप्प्यावर हात फिरवला. मग माझ्याकडे वळली.

"आरं, ह्यो वटा हाय का तुज्या हापिसातली खिडकी? पल्याड कारकून बसतुय व्हय?"

बायको फस्सकन हसली. "बसतोय की, आत्याबाई. आधी अर्ज द्यायचा, मग भाकरी मिळते."

"आन सायेब रजंवर आसला मंग?"

"मग उपास."

दोघी हसल्या. मीही हसलो. पण मला ते बोचलं हे लपवत नाही. तो ओटा ही त्या घरातली माझी एकट्याची करामत होती.

आईसाठी आम्ही मधली खोली ठेवली होती. नवी खाट, वर सुताची गादी, खिडकीला पडदा. ती पहिल्या दिवशी खाटेच्या कडेवर टेकली आणि उठली. "दिसा खाटंवर पडाय म्या काय बाळातीण हाय?" आणि गेली ती स्वयंपाकघरात. तिथे ती ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापायला बघायची. ती बायकोहून उंच होती, पण पाच मिनिटांत गुडघा बोलायला लागायचा. मग ती खाली भिंतीला टेकून पाय पसरून बसायची आणि म्हणायची, दे काय निवडायचं असेल तर. बायको वरून ताट द्यायची. शेंगा, लसूण, तांदूळ. निवडून झालं की आई ताट वर करायची आणि बायको वाकून घ्यायची.

एक दिवस मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा आई म्हणत होती, "म्या हितनं बोलते तर मला तुजं पायच तेवढं दिसत्यात. पायाशी काय बोलायचं गं?"

बायको वरून म्हणाली, "पायाला भेगा पडल्यात का बघा मग, आत्याबाई."

"पडल्यात तर. लय हुबं ऱ्हाती तू."

मी पाणी प्यालो आणि बाहेर आलो. तेव्हा ते ऐकून मला काहीच कळलं नाही. सातारच्या खोलीत आई महिना-पंधरा दिवस येऊन राहायची तेव्हा या दोघी स्टोव्हच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत. एक थापायची, एक भाजायची. तासभर त्यांचं बोलणं चालायचं, कुणाची सोयरीक, कुणाचं बाळंतपण, कुणाचा ऊस कारखान्यानं उशिरा नेला. त्या खोलीत मला ते बोलणं कटकट वाटायचं. नव्या घरात ते बंद झालं होतं आणि मला ऐकू आलं नाही, एवढंच.

आईचं मन लागेना हे मात्र दिसत होतं. दुपारी ती फाटकाशी जाऊन उभी राहायची. कॉलनीत दुपारी चिटपाखरू नसे. संध्याकाळी ती म्हणायची, "जत्रंला किती दिस ऱ्हायलं रं?"

ती असं विचारायची आणि मी पुढच्या रविवारी काहीतरी नवीन करायला घ्यायचो. पावसाळ्यानंतर काळी माती सुकून बसली तसे भिंतींना केसासारखे तडे गेले होते, ते मी लांबी-पुट्टी भरून बुजवले. तिच्या खोलीला फिकट निळा डिस्टेंपर दिला. वडिलांचा फौजेच्या वेशातला फोटो मोठा करून आणला आणि तिच्या खाटेसमोर लावला. तिच्या देवांसाठी कोनाडा होता त्याला आरसे लावले. अंगणात फाटकापर्यंत विटा तिरप्या पुरल्या, एक चुन्याची, एक गेरूची. बायको सुट्टीच्या दिवशी माझ्या हाताखाली डबे धरून उभी असायची. तिचेही पाय दुखत होते. मधेच ती म्हणायची, "आज राहू दे ना." मी म्हणायचो, "आईला बरं वाटेल."

प्रत्येक गोष्ट झाली की मी आईला बोलवायचो. ती यायची, बघायची, म्हणायची, "ब्येस हाय." खोली ब्येस. फोटो ब्येस. विटा ब्येस. मला वाटायचं, अजून काहीतरी कमी पडतंय.

संक्रांतीच्या आसपास बायको म्हणाली, "अहो, स्टोव्ह खाली घेऊ या का? जमिनीवर. पहिल्यासारखा."

"मग ओटा कशाला बांधला?"

"तेच म्हणते मी."

"लोक येतात बघायला. एवढा ओटा असताना जमिनीवर बसलेली बघून काय म्हणतील?"

ती पोटऱ्या चेपत राहिली. मग म्हणाली, "एकदा तुम्ही उभं राहून दहा भाकऱ्या थापा."

मी कूस बदलली. दमलेल्या माणसांची भांडणं अशीच संपतात. कुणी जिंकत नाही, दिवा मात्र मालवला जातो.

नंतर एकदा मी कचेरीतून लवकर घरी आलो. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातून दोघींचा आवाज येत होता, एकमेकींना तोडत, एकमेकींवर चढत. मी दारात जाऊन उभा राहिलो. स्टोव्ह खाली आलेला होता. आई दुखरा पाय लांब करून, दुसरा गुडघा वर घेऊन भाकरी थापत होती. बायको समोर मांडी घालून तव्यावरची उलटत होती. आई कुणाची तरी नक्कल करत होती, गावातल्या कुठल्याशा सोयऱ्याची, आणि बायको हसता हसता पदरानं डोळे पुसत होती. "आवं आत्याबाई, पुरे, भाकरी करपतीय," असं म्हणत होती. सातारा शहरात वाढलेल्या माझ्या बायकोच्या तोंडात आमच्या गावची बोली आली होती.

आणि त्यांच्या मागे, मी दोन महिन्यांपूर्वी हिरवट डिस्टेंपर दिलेल्या भिंतीवर, फोडणीचे शिंतोडे उडाले होते. खाली आईच्या पिठाच्या हाताचे ठसे. उठताना तिनं भिंतीला हात टेकला असणार.

मी म्हणालो, "भिंत गेली."

एवढंच. ओरडलो नाही, रागानंही नाही. पण दोघी गप्प झाल्या. बायकोनं स्टोव्हची हवा कमी केली. आई म्हणाली, "आलास व्हय? हातपाय धू." दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर स्टोव्ह पुन्हा ओट्यावर होता. मला तो दिसला. खाली घ्या, असं म्हणायला एक वाक्य लागलं असतं. मी आमटी वाढून घेतली.

रविवारी मी ती भिंत ओल्या फडक्यानं पुसली. त्या डिस्टेंपरला पाणी चालत नाही. डाग गेला आणि रंगही गेला, आणि डागापेक्षा मोठा पांढरट चट्टा राहिला.

जत्रेला मी आईला घेऊन गेलो. तिनं पिशवीत सगळी लुगडी घेतली होती, चारही. ते मी एसटीत चढताना बघितलं. जत्रा झाली, पालखी झाली, मी म्हणालो, "चल आता." ती म्हणाली, "तू हो फुडं. म्या बगते." मी पुढे आलो. ती आली नाही. वैशाख लागला. रोज संध्याकाळी कचेरीतून येताना मला वाटायचं, न्हाणीत पुन्हा पाय घसरला असेल तर. शेजारीण रोज थोडीच विरजण मागायला येणार.

शेवटी मी गेलो. आई उंबऱ्यात बसून चिंचा फोडत होती. मी चहा होईपर्यंतही थांबलो नाही. वाटेत एसटीत जे सगळं मनात जुळवून आणलं होतं ते सांगून टाकलं. म्हणालो, "आई, मी त्या दिवशी भिंतीचं बोललो, ते तुला लागलं. माझं चुकलं."

"कुटल्या भितीचं?"

मी सांगितलं. शिंतोडे, हाताचे ठसे, सगळं. ती चिंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली.

"आरं माज्या राजा, त्या भितीपायी म्या घर सोडीन व्हय? तुजा बा रजंवर आला की रोज चुलीम्होरल्या भितीवरनं बोलायचा. पल्टनीत म्हनं समदं चुन्यानं पांडरं. म्या म्हनलं, मंग जा तिकडंच भाकरी खायाला."

मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. इतके दिवस मी माझी चूक जपून ठेवली होती आणि ती तिनं बघितलीही नव्हती. मग काय राहिलं?

"मग का येत नाहीस?" मी विचारलं.

तिनं दोन चिंचा फोडल्या. बिया एकीकडे, गर एकीकडे.

"तू मला लय सांबाळतूस. खाट, पडदा, फोटू. पाव्हणीला सांबाळत्यात तसं. पाव्हणी किती दिस ऱ्हाती रं?"

"मग मी काय करू?"

"तू काय बी करू नगंस. तोंड बग की कसं झालंय. दमलायस. बस वाईच हितं."

मी बसलो. तिनं चहा केला. आम्ही पावसाबद्दल, भावाबद्दल बोललो. संध्याकाळच्या गाडीनं मी एकटा परत आलो.

बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हातानं कंबर दाबत. म्हणाली, "तुम्ही गेलात म्हणून आल्या नाहीत. मी जाते."

"तू? या उन्हात? आणि माझं जेवण?"

"ओटा आहे की. तुमच्याच मापाचा."

ती दोन दिवसांसाठी म्हणून गेली आणि आठवडा उलटला तरी आली नाही. मी सकाळी खिचडी टाकायचो, संध्याकाळी तीच खायचो. पहिल्या दिवशी कांदा चिरायला ओट्यापुढे उभा राहिलो आणि हात बरोबर त्या कडप्प्यावर पडले. कोपरं दुमडावी लागली नाहीत, मान वाकवावी लागली नाही, पाट लागला नाही. घरात ज्या माणसानं आजवर तिथे कधी काही रांधलं नव्हतं, त्याच्याच मापानं ते स्वयंपाकघर बांधलं होतं. मी कांदा तसाच टाकून बराच वेळ उभा राहिलो. माझ्या बायकोनं वर्षभर तिथे दोन पाटांवर उभं राहून मला जेवायला घातलं होतं, आणि मी तिला सवय होईल म्हणत होतो.

त्या संध्याकाळी मी स्टोव्ह खाली ठेवला. पण दोघींपैकी कुणीच बघायला नव्हतं, आणि खाली बसून खिचडी ढवळताना माझं मला हसू आलं. मी तो परत वर ठेवला. ही गोष्ट माझ्या ठरवण्यातली उरली नव्हती.

दोघी आल्या त्या भर दुपारी, रिक्षातून. आईच्या काखेत बोचकं होतं. बायको उन्हानं काळवंडलेली, पण मला ती बऱ्याच दिवसांनी ताठ उभी दिसली. पाणी पिऊन झाल्यावर तिनं मला सांगितलं, ठरलेली गोष्ट सांगावी तसं.

"आत्याबाई राहायला आल्यात. सकाळचा स्वयंपाक त्यांचा, संध्याकाळचा माझा. दोन्ही खाली बसून. ओट्यावर काय ठेवायचं ते तुम्ही बघा."

"आन जत्रंला, सुगीला म्या गावाला जानार," आई म्हणाली. "म्हैना लागंल, दोन लागत्याल. कवा येतीस म्हनून कुनी इचारायचं न्हाई."

मी म्हणालो, "बरं." आईला घरी ठेवून घ्यायचं मी ठरवलं होतं, आणि ते माझ्या गैरहजेरीत, गावच्या उंबऱ्यात बसून, त्या दोघींनी ठरवलं होतं.

आई राहिली. सुगीला जायची, यायची. पावसाळ्यात तर हलायची नाही. गुडघा दुखला की बायकोला शिव्या घालायची आणि बायको त्या मोजून परत करायची. स्वयंपाकघरात तेलाचे, हळदीचे, पिठाचे डाग चढत गेले. मी पुन्हा तिथे ब्रश लावला नाही. रविवारी मला झोप यायची, आणि मी झोपायचो.

त्याच वर्षी कधीतरी कॉलनीतली एक नवी बाई घर बघायला आली. मी मधल्या खोलीत, आईच्याच खाटेवर आडवा झालो होतो. बाई आत गेली आणि दोघींना खाली बसलेलं बघून जरा गडबडली असावी. मग गोड आवाजात म्हणाली, "आजी, किती दिवस मुक्काम?"

"सुनंला इचारा बाई," आई म्हणाली. थापण्याचा आवाज थांबला नाही. "म्या हितं कामाला हाय."

"उद्याच काढते बघा कामावरनं," बायको म्हणाली. "भाकऱ्या जाड करतात हल्ली."

"काड की. मंग ह्यो उबा ऱ्हाऊन खिचडी करंल तुला."

तिघी हसल्या. मला वाटलं, उठावं, आत जावं, जरा बसावं त्यांच्यात. पण तिथे चौथ्याला जागा झाली नसती, आणि खरं सांगायचं तर मला उठवतही नव्हतं.